नाव एक, माणसं अनेक: कोशकार, संपादक आणि फोटोओळी लिहिणाऱ्यांना खुले पत्र

स. न. वि. वि.

पुस्तकांच्या शेवटी जी नामसूची असते, ती करणं हा माझा व्यवसाय. वाचक ती सहसा उघडत नाहीत. लेखकाला ती नकोशी असते, कारण तोवर त्याला पुस्तक एकदाचं हातावेगळं झालेलं हवं असतं. प्रकाशकाच्या डोळ्यांत तिची वाढीव पानं खुपतात. पण नावं एकाखाली एक मांडायला बसलं की सरळ वाचताना न दिसणारी एक गोष्ट दिसते. एका नावासमोर जमलेले पृष्ठांक पुष्कळदा एका माणसाचे नसतातच. बाराव्या पानावर जो अठराव्या शतकात वारला, तोच दोनशेव्या पानावर आगगाडीत बसून निघालेला असतो.

हा दोष लेखकाचा क्वचितच असतो. कोण कुठला ते त्याला पक्कं ठाऊक असतं, आणि म्हणूनच ते सांगायचं त्याच्याकडून राहून जातं. त्याला सांगायला लावणं हे तुमचं काम. ते तुम्ही करत नाही अशी माझी तक्रार आहे. आणि ती जाडजूड कोशांपासून वर्तमानपत्रातल्या फोटोओळींपर्यंत सगळ्यांनाच लागू असल्यानं कुणा एकाला पत्र न धाडता उघड मांडते आहे.

सगळ्यात छळणाऱ्या नावापासूनच सुरुवात करते: नाना.

१७६० सालच्या हकिगतीत 'नाना' आले की ते कोण? पेशवे बाळाजी बाजीराव, म्हणजे नानासाहेब, तेव्हा चाळिशीला टेकलेले. आणि त्याच वेळी सदाशिवरावभाऊंच्या फौजेबरोबर उत्तरेत गेलेले अठरा वर्षांचे नाना फडणवीस. भाऊंनी नानांना पत्र लिहिलं असं म्हटलं तर ते पेशव्यांना. पानिपतावरून नाना जीव वाचवून परतले असं म्हटलं तर ते फडणवीस, कारण पेशवे त्या रणांगणावर नव्हतेच. बरं, घरगुती नाव सोडून पाळण्यातलं नाव घ्यावं, तर तिथंही सुटका नाही. फडणवीसांचं नाव बाळाजी जनार्दन. म्हणजे दोघेही नाना आणि दोघेही बाळाजी! पेशव्यांचे आजोबा, बाळाजी विश्वनाथ, तेही बाळाजीच. इथे वडिलांचं नाव लिहिल्याखेरीज गाडी पुढे सरकत नाही.

एवढं निस्तरून होईतो जवळपास शंभर वर्षांनी आणखी एक नानासाहेब पेशवे दत्त म्हणून उभे राहतात. हे धोंडोपंत, दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र, १८५७ चे. 'नानासाहेब पेशवे' एवढ्याच मथळ्याखाली चित्र १७६१ मध्ये वारलेल्या पेशव्यांचं आणि मजकूर कानपूरच्या उठावाचा, असं व्हायला फारसे कष्ट पडत नाहीत. शाळकरी पोराच्या डोक्यात एकच नानासाहेब पानिपताच्या बातमीनं खचतात आणि कानपुरात इंग्रजांशी लढतात. त्याला हसण्यात अर्थ नाही. त्याला तसं वाटू नये म्हणून आपण एक शब्दही खर्च केलेला नसतो.

जुन्या मंडळींनी हा घोळ ओळखला होता. थोरले बाजीराव आणि दुसरे बाजीराव. दुसऱ्यांना बोलण्यात रावबाजी. थोरले माधवराव आणि सवाई माधवराव. साताऱ्याच्या गादीवर पुढे आणखी एक शाहू आले म्हणून आधीचे थोरले शाहू, आणि कोल्हापूरचे ते राजर्षी शाहू. एका शब्दात माणूस वेगळा होत होता. पण संपादन म्हणजे विशेषणं छाटणं, अशी एक समजूत अलीकडे बोकाळली आहे. त्या भरात 'थोरले' छाटलं जातं. मग पालखेडला निजामाला कोंडीत पकडणारा बाजीराव आणि १८१८ मध्ये राज्य घालवून बसलेला बाजीराव एकाच ओळीत बसतात. ते आजोबा आणि नातू आहेत हो.

आता रमाबाई. १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज निघाला, त्याच्या सभांत दोन रमाबाई असत. एक पंडिता रमाबाई, ज्यांनी तो काढला. दुसऱ्या रमाबाई रानडे, न्यायमूर्तींच्या पत्नी. वयात चार-पाच वर्षांचं अंतर. पुढे पंडिता रमाबाई इंग्लंड-अमेरिकेला जाऊन आल्या, ख्रिस्ती झाल्या, १८८९ मध्ये त्यांनी शारदा सदन काढलं. रानडेबाईंनी सेवासदनाचं काम उभं केलं. दोघी स्त्रीशिक्षणात, दोघींच्या हातात लेखणी, दोघी त्याच शहरात वावरलेल्या. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रानडेबाईंच्या आठवणींत पंडिताबाई येतात, म्हणजे एका रमाबाईनं दुसऱ्या रमाबाईविषयी लिहिलेलंही आपल्याकडे आहे. 'रमाबाईंनी स्त्रियांसाठी संस्था उभारली' हे वाक्य दोघींनाही चपखल बसतं, आणि म्हणून सूचीकाराच्या काहीही कामाचं नाही. असली वाक्यं मी लेखकाकडे परत पाठवते. उत्तर येतं, 'संदर्भावरून कळतंय की.' संदर्भ ज्याला आधीच माहीत आहे त्याला कळतं. वाचक पुस्तक घेतो ते संदर्भ कळावा म्हणून.

तिसऱ्या रमाबाई आंबेडकर (१८९८–१९३५). त्यांच्या बाबतीत लोकांनी कोशकारांची वाट पाहिली नाही. 'रमाई' म्हणून त्यांना वेगळं आणि आपलं नाव देऊन टाकलं. चौथ्या रमाबाई थोरल्या माधवरावांच्या, १७७२ मध्ये पतीबरोबर सती गेलेल्या. नोंदी चार, आणि पहिलं नाव चारही ठिकाणी तेच.

पंडिता रमाबाईंची नोंद कुठल्या अक्षराखाली करायची हा प्रश्न तर स्वतंत्र आहे. माहेरच्या डोंगरे, सासरच्या मेधावी, 'पंडिता' आणि 'सरस्वती' या मिळालेल्या पदव्या, आणि लोक शोधणार 'र' खाली. बायकांच्या नावाचं हे दुखणं दुहेरी असतं. एकीकडे एका नावाच्या अनेक, दुसरीकडे एकीचीच अनेक नावं. बाळुताई खरे, मालती बेडेकर आणि विभावरी शिरूरकर या तीन बाई नव्हेत, हे ज्या सूचीत लिहिलेलं नसतं, तिथं एका लेखिकेचं काम तीन खणांत विभागून पडतं. पुरुषांच्या नोंदींत असा घोळ झालेला मला फार कमी वेळा आढळतो. कारण शोधायला लांब जायला नको.

एवढ्यावरच भागलं असतं तर मी पत्र लिहायला बसले नसते. सूचीतला घोळ निस्तरता येतो. खरा गोंधळ होतो तो मोठं नाव लहान नावाला गिळतं तेव्हा.

संत नामदेव (१२७०–१३५०) यांच्या नावावरच्या गाथेत नंतरच्या काळातल्या 'नामा' मुद्रेच्या (म्हणजे अभंगाच्या शेवटी स्वतःचं नाव म्हणून 'नामा' घालणाऱ्या) कवींच्या रचना मिसळल्या आहेत. त्यांतला सगळ्यात ठळक विष्णुदास नामा, सोळाव्या शतकातला, एकनाथांच्या काळचा, महाभारत मराठीत आणणारा. 'विष्णुदास नामा' ही मुद्रा खुद्द नामदेवांच्या अभंगांतही येते, त्यामुळे शेवटची ओळ बघून निवाडा करायचीही सोय नाही. भाषेचं वळण, उल्लेख, जुनी हस्तलिखितं असं सगळं चाळावं लागतं, आणि अभ्यासकांनी ते चाळलं आहे. पण आपल्या दिनदर्शिका, सुभाषितांचे कोपरे, गाण्यांच्या निवेदनातल्या ओळी? 'नामा म्हणे' दिसलं की 'संत नामदेव' लिहून मोकळे. यात नामदेवांचं काही वाढत नाही. त्यांचे एकसष्ट अभंग गुरू ग्रंथ साहिबात आहेत, त्यांना उसनवारीची गरज नाही. विष्णुदास नाम्याकडून मात्र होतं नव्हतं ते काढून घेतलं जातं.

हे सगळीकडे आणि फार पूर्वीपासून चालत आलं आहे. रोमन लेखक प्लिनी दोन. थोरला निसर्गाविषयी प्रचंड ग्रंथ लिहिणारा, इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला. धाकटा त्याचा भाचा, पत्रलेखक. मध्ययुगात या दोघांचा मिळून एकच प्लिनी झाला होता. चौदाव्या शतकात व्हेरोनाच्या एका धर्मगुरूनं, जोव्हान्नी दे मातोचीसनं, दोघांवर छोटंसं टिपण लिहून त्यांना वेगळं केलं. धाकट्यानं आपल्या मामाच्या मृत्यूची हकिगत टॅसिटसला पत्रानं कळवली आहे. दोघे एकच धरले तर या गृहस्थानं स्वतःच्या मरणाचा वृत्तान्त सवडीनं लिहून पाठवला असं मानावं लागेल! टॉलेमीचंही तेच. इजिप्तवर राज्य करणाऱ्या घराण्यात टॉलेमी पुष्कळ. भूगोल आणि ग्रहगणित लिहिणारा क्लॉडियस टॉलेमी त्यांच्यापैकी नव्हे. तरी युरोपातल्या जुन्या चित्रांत या ज्योतिषाच्या डोक्यावर खुशाल मुकुट चढवलेला दिसतो. चित्रकाराला कुणीतरी फक्त नाव सांगितलं होतं. ती त्या काळची फोटोओळच म्हणायची.

उलट चूकही होते, हेही मान्य करायला हवं. एका माणसाचे दोन करण्याची हौस असणारेही असतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या नावानं 'सुधारक' पत्रात मांडलं की ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानेश्वर वेगळे आणि अभंग रचणारे ज्ञानदेव वेगळे. मोठा वाद झाला. ते मत पुढे फारसं टिकलं नाही, पण त्या निमित्तानं लोकांनी भाषा, मुद्रा, काळ हे सगळं पुन्हा तपासलं. पतंजलींचं उत्तर अजून लागायचं आहे: व्याकरणाचं महाभाष्य लिहिणारे आणि योगसूत्रं लिहिणारे एक की दोन? परंपरा एक मानते, बरेच अभ्यासक दोन मानतात. कालिदासाच्या बाबतीत तर राजशेखरानं हजारेक वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं की शृंगारात एका कालिदासालाही कुणी जिंकू शकत नाही, मग तीन कालिदासांची गोष्टच सोडा. निवाडा तुम्ही करावा असं मी म्हणत नाही. निवाडा झालेला नाही एवढं नोंदीत लिहा, म्हणते. 'एकमत नाही' हे दोन शब्द छापायला कोशाचं काही बिघडत नाही.

मोठं नाव आणि लहान नाव असं मी मघाशी म्हटलं. पण मोठं कोण, हे तुम्ही ठरवता तसं टिकत नाही. माझ्या मते या विषयातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट दोन विन्स्टन चर्चिलांची आहे. १८९९ साली इंग्लंडातल्या पंचविशीच्या विन्स्टन चर्चिलला, म्हणजे पुढच्या पंतप्रधानाला, कळलं की अमेरिकेत विन्स्टन चर्चिल नावाचा कादंबरीकार आहे आणि त्याची पुस्तकं धडाक्यानं खपताहेत. हाही लिहीत होताच, याचीही कादंबरी येऊ घातली होती. यानं त्याला मोठं अदबशीर पत्र लिहिलं: लोकांचा घोटाळा होऊ नये म्हणून यापुढे मी माझ्या पुस्तकांवर 'विन्स्टन स्पेन्सर चर्चिल' असं नाव घालीन. अमेरिकन चर्चिलनं तितक्याच अदबीनं कळवलं की माझ्याकडे आणखी एखादं नाव असतं तर मीही ते घातलं असतं, पण नाही. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९०० मध्ये, बॉस्टनला दोघांची भेटही झाली.

यात पाहण्यासारखं हे की माघार घेतली ती त्या घडीला कमी प्रसिद्ध असलेल्यानं. त्यानं स्वतःच्या नावात एक अक्षर वाढवलं आणि ते जन्मभर पाळलं. त्याच्या पुस्तकांवर 'एस.' आहे तो या सौजन्यापोटी. अमेरिकन चर्चिल राजकारणातही उतरला, न्यू हॅम्पशायरच्या गव्हर्नरपदासाठी उभा राहून पडला, आणि १९४७ मध्ये वारला तोवर त्याच्या नावाचा मालक बदलून गेला होता. १८९९ चा कोश काढला असता तर तुम्ही 'विन्स्टन चर्चिल' या नोंदीत कुणाला बसवलं असतं आणि कंसात कुणाला ढकललं असतं? म्हणून म्हणते, आजचा कंस जपून वापरा.

आणि प्रसिद्धी काळाप्रमाणे फिरते तशी वाचकाप्रमाणेही फिरते. शरद जोशी म्हटलं की मराठी वाचकापुढे शेतकरी संघटनेचे शरद जोशी (१९३५–२०१५) उभे राहतात, हिंदी वाचकापुढे व्यंगलेखक शरद जोशी (१९३१–१९९१). दोन्ही भाषा वाचणाऱ्यानं काय करावं? मोहम्मद अली हे नाव मुष्टियोद्ध्याचं, पण खिलाफत चळवळीवरच्या पुस्तकात ते मौलाना मोहम्मद अली जौहर असतात, त्याच काळाच्या दुसऱ्या पुस्तकात मोहम्मद अली जिना, आणि इजिप्तच्या इतिहासात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राज्य केलेले मोहम्मद अली पाशा. गंमत म्हणजे मुष्टियोद्ध्यानं १९६४ मध्ये टाकून दिलेलं कॅशियस क्ले हे नावही पहिल्यांदा त्याचं नव्हतं. ते वडिलांकडून आलं होतं, आणि वडिलांना ते ठेवलं होतं गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या कॅशियस मार्सेलस क्ले या एकोणिसाव्या शतकातल्या गोऱ्या पुढाऱ्यावरून. म्हणजे एक नाव सोडून दुसरं घेतलं तरी दोन्हीकडे आधीच कुणीतरी बसलेलं!

नटमंडळींनी या बाबतीत तुमच्यापेक्षा बरी शिस्त पाळली आहे. अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या नटांच्या संघटनांत एका नावाचे दोन सभासद चालत नसत. नंतर आलेल्यानं नाव बदलायचं. मायकल कीटनचं खरं नाव मायकल डग्लस, पण तो आधीच होता. डेव्हिड टेनंट मूळचा मॅकडॉनल्ड. स्टुअर्ट ग्रेंजर म्हणजे जेम्स स्टुअर्ट, आणि त्या नावाचा नट तर तोवर जगभर गाजलेला. आपल्याकडे शशी कपूर लहानपणी पडद्यावर 'शशिराज' म्हणून येत, कारण पौराणिक चित्रपटांत काम करणारा दुसरा शशी कपूर होता. फुटबॉलवाल्या ब्राझीलनं आणखी सोपी तोड काढली. १९९४ च्या विश्वचषकाच्या चमूत दोन रोनाल्दो होते, तर मोठा तो रोनाल्दाव आणि धाकटा तो रोनाल्दिन्यो. तो धाकटाच पुढे नुसता रोनाल्दो झाला, आणि 'रोनाल्दिन्यो' हे नाव मागून आलेल्या तिसऱ्यानं घेतलं. आता चौथा, पोर्तुगालचा, आहे म्हणून त्या धाकट्याला लोक 'ब्राझीलचा रोनाल्दो' म्हणू लागले आहेत. चर्चिलांचीच कहाणी, फक्त बूट घालून.

लेखक, गणिती, राजकारणी यांना असली संघटना नाही. त्यांच्यासाठी दुसरे मार्ग निघाले. बाझलच्या बर्नुली घराण्यात गणिती इतके झाले, आणि नावं इतकी थोडी, की इतिहासकारांना राजांसारखे आकडे घालावे लागले: पहिला योहान, दुसरा, तिसरा, याकोब दोन, निकोलाउस दोन. भारतीय ज्योतिषाच्या इतिहासात भास्कर दोन. पहिल्यानं इ. स. ६२९ मध्ये आर्यभटीयावर भाष्य लिहिलं. दुसरे १११४ मध्ये जन्मलेले, लीलावतीचे भास्कराचार्य. हे आकडे त्यांच्या हयातीत कुणी लावले नव्हते, ते इतिहासकारांनी सोयीसाठी लावले. त्यात १९७९ आणि १९८१ मध्ये 'भास्कर' नावाचे दोन उपग्रह सुटले आणि त्यांनाही एक-दोन असेच आकडे. सूचीत 'भास्कर पहिला' लिहिताना तो गणिती की उपग्रह हे आता सांगावं लागतं. अलीकडे संशोधकांना सोळा अंकी क्रमांक देण्याची सोय झाली आहे, २०१२ पासून ऑर्किड या नावानं. तो यंत्राला उत्तम कळतो. माणूस मात्र सोळा अंकांनी कुणाला हाक मारत नाही, त्यामुळे छापील ओळीतलं तुमचं काम त्यानं हलकं होत नाही.

उलट ते वाढलं आहे. वाचक आता नाव शोधयंत्रात टाकतो, आणि शोधयंत्र ज्याची चलती असेल त्याचा फोटो पुढे करतं. मायकल जॅक्सन नावाचा इंग्रज लेखक बिअरवरच्या लेखनासाठी जगभर मानला जाई. २००७ मध्ये तो वारला. त्याच्याविषयी काही शोधायचं तर गायकाच्या डोंगरातून वाट काढत जावं लागतं. आणि उत्तरं रचून देणारी यंत्रं तर एका नावाच्या दोघांची माहिती शिवून तिसराच माणूस उभा करू शकतात: एकाची जन्मतारीख, दुसऱ्याची पुस्तकं, आणि मृत्यू कुणाचाही. यंत्राला नावं ठेवण्याआधी ते कशावर पोसलं हे बघा. ते आपल्याच मजकुरावर पोसलेलं आहे, 'संदर्भावरून कळतंय की' म्हणत सोडून दिलेल्या वाक्यांवर.

तर माझं मागणं. पहिल्या उल्लेखात माणसाचं पूर्ण नाव आणि त्याला वेगळं करणारी एक गोष्ट द्या: जन्ममृत्यूची सालं, नाहीतर वडिलांचं नाव, नाहीतर काम. सालं मिळत असतील तर सालंच द्या. नुसता व्यवसाय पुरत नाही. वा. ल., द. भि., गो. म. आणि व. दि. हे चौघे कुलकर्णी, आणि चौघेही समीक्षक! तिथं 'कुलकर्णी (समीक्षक)' लिहून तुम्ही नेमकं काय सांगितलंत? आद्याक्षरांच्या बाबतीत तर मुद्रितं दोनदा तपासा, एक अक्षर इकडचं तिकडे झालं की टीका एकाची आणि माथी दुसऱ्याच्या.

चेहऱ्याची खात्री नसेल तर फोटो छापू नका. निधनाच्या बातमीत तर मुळीच नाही. जिवंत माणसाचा फोटो त्याच्या नावबंधूच्या मृत्युलेखावर गेला, तर दुसऱ्या दिवशीच्या दोन ओळींच्या दिलगिरीनं त्याच्या घरी दिवसभर वाजलेले फोन परत जात नाहीत.

दोघांपैकी एकाला 'दुसरे', 'ते नव्हेत' किंवा 'नामसाधर्म्य असलेले' एवढ्यावर सोडू नका. 'हे ते प्रसिद्ध अमुक नव्हेत' हे कुणाही माणसाचं वर्णन होऊ शकत नाही. इंग्रज कादंबरीकार एलिझाबेथ टेलर (१९१२–१९७५) हिला नटीसाठीची पत्रं येत. म्हणून तिच्यावरच्या प्रत्येक लेखाची सुरुवात नटीनंच का व्हावी? चांगलं लिहिणारी बाई होती, तिच्या लिखाणापासून सुरुवात करा.

विशेषणं कापताना 'थोरले', 'धाकटे', 'सवाई', 'पंडिता' यांना हात लावू नका. आणि एका नावाच्या अनेकांची वेगळी यादी कोशात देत असाल, तर ती शिकाऊ उमेदवाराकडे ढकलू नका. त्या यादीची एक ओळ लिहायला कधीकधी अख्ख्या नोंदीपेक्षा जास्त वाचावं लागतं.

शेवटी, पानं कमी करायची वेळ आली की सर्वांत आधी सूची छाटली जाते, आणि सूचीत सर्वांत आधी कमी उल्लेखांची नावं. ज्याचा एकच पृष्ठांक आहे तो नावबंधू गळतो आणि त्याचा तो एक आकडा कुणीतरी शेजारच्या प्रसिद्ध नावाला जोडून टाकतं. जागा हवीच असेल तर प्रसिद्ध माणसाचे पाच-दहा पृष्ठांक कमी करा, तो सापडेलच. 'चर्चिल, विन्स्टन (कादंबरीकार, १८७१–१९४७)' ही ओळ तेवढी राहू द्या.

कळावे,
आपली,
एक सूचीकार